महापरसादचं नाव

अर्जातला रकाना पाच. विरुद्ध पक्षाचे नाव.

मुख्याध्यापकांचं नाव लिहून झालं होतं. त्याखालची ओळ रिकामी.

"आता स्वयंपाकिणीचं सांगा," रश्मी वकील म्हणाली.

समोर शामकला बसली होती. शेजारच्या खुर्चीच्या अगदी टोकावर तिची सात वर्षांची खुशबू. खुर्चीला पाठ होती, पण खुशबू टेकत नव्हती.

"गुरुजीचं लिवलं ना? मंग झालं."

"नाही झालं. शाळेत भात शिजवणाऱ्या बाया दोन. पोरगी दोघींनाही मावशी म्हणते. भाताचं मोठं पातेलं, तो गंज, उचला असं पोरींना कोणती म्हणाली?"

शामकला पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"थे माही महापरसाद होय."

"म्हणजे?"

"लगनाच्या आंधीपासून. देवाचा परसाद एकमेकीच्या तोंडात घातला, आन् महापरसाद झालो, जनमभराच्या मैतरनी. तवापासून नाव नाई घेत. थे माहं नाई, मी तिचं नाई."

"घेतलं तर काय होतं?"

"घेतच नाई."

"नवऱ्याचं तर पटकन सांगितलंत."

"चुन्नीलालचं? त्याचं दिवसातून दहादा घेतो. भांडाले लागते."

वकीलबाईला हसू आलं. शामकलाला नाही.

रकाना सहा. घटनेचा तपशील. भरलेला: भात पसवण्यासाठी, म्हणजे त्यातला माड (पेज) ओतून काढण्यासाठी, उकळता गंज दोन लहान मुलींना उचलायला लावला. पैकी खुशबू हिचा पाय घसरून ती पालथी पडली. गंज कलंडून माड पाठीवर सांडला.

रकान्यात नसलेलं: माड पाण्यासारखा वाहून जात नाही. चिकटतो. फ्रॉक काढताना फ्रॉक एकटा निघाला नव्हता.

"हे बघा, मला नाव माहीत आहे," रश्मी म्हणाली. "शाळेनं नोटिशीला उत्तर दिलंय, त्यात आहे. पण न्यायाधीश साहेबांसमोर ते मी बोलून चालत नाही. तिथं तुम्हालाच विचारतील. तुम्ही अशाच गप्प बसलात, तर शाळा म्हणते तेच खरं धरतील."

"काय म्हन्ते शाळा?"

रश्मीनं फाईलमधला एक कागद काढला. स्वयंपाकिणीचा जबाब. वाचायला लागली.

"'मी शाळेत स्वयंपाकाचे काम करते. त्या दिवशी एकही मुलगी स्वयंपाकखोलीत आली नव्हती. सदर मुलगी स्वतःच्या घरी भाजलेली आहे. तिची आई शामकला चुन्नीलाल ही मुलांकडे लक्ष न देणारी बाई असून...'"

"थांबा."

बाहेर कोर्टाच्या आवारात कुणीतरी एका पक्षकाराला पुकारलं. दोनदा. तिसऱ्यांदा.

"माहं नाव आहे त्याच्यात?"

"आहे."

"वाचा अखीन एकदा."

रश्मीनं वाचलं. नाव आलं तेव्हा शामकलाचे ओठ हलले, आवाज आला नाही.

"हे तिनं तोंडानं सांगतलं, का गुरुजीनं लिवलं आन् तिची सही घेतली?"

"ते मला कसं कळणार? सही तिची आहे."

शामकला टेबलावर वाकली. सही पाहिली. साक्षरतेच्या वर्गात दोघी एकाच पाटीवर गिरवायला शिकल्या होत्या. पहिलं अक्षर मोठं, पुढची उतरत गेलेली.

"तिचीच होय."

मग बराच वेळ ती कागदाशीच बोलल्यासारखी बोलली. "त्या दिवशी सांजी घरी आली. माह्या पायाशी बसून रडली. मनं, महापरसाद, मीच म्हनलो पोरीयले गंज धरा म्हून. माफ कर मले. म्या केलं माफ. च्या बी पाजला." तिनं सहीवर बोट ठेवलं. "हे कवा लिवलं तिनं?"

रश्मीनं तारीख पाहिली. "त्यानंतर आठ दिवसांनी."

"आठ दिवस."

"तिलाही नोकरीची भीती असेल."

"असन ना. मले का समजत नाई?"

खुशबू चुळबुळली. "माय, खाजवून राहिलं."

शामकलाचा हात तिच्या पाठीकडे गेला आणि वीतभर अंतरावर थांबला. तीन महिने तो तिथंच थांबत होता. मग तो डोक्यावर गेला. केसांवरून दोनदा फिरला.

रकाना पाच.

"तुम्हाला आज नको वाटत असेल तर," रश्मी म्हणाली, "पुढच्या बुधवारी या. मी असते."

"बुधवारी काय, आज काय." शामकला ताठ बसली. पिशवीचा बंद बोटावरून सोडवला. बोटावर पांढरा वळ उमटला होता, तो हळूहळू भरत गेला. "लिवा."

रश्मीनं पेन टेकवलं.

शामकलानं तोंड उघडलं. मिटलं. घोटभर पाणी मागितलं, प्यायली. भांडं टेबलावर ठेवून हातानं तोंड पुसलं.

"रुक्माबाई."

आवाज बारीक होता. आपलाच आवाज आहे का हे पाहिल्यासारखं तिनं इकडंतिकडं पाहिलं.

"तिथं साहेबांना ऐकू यायला पाहिजे," रश्मी हळूच म्हणाली.

"रुक्माबाई केवळराम." या वेळी खणखणीत. दाराशी उभा असलेला शिपाईसुद्धा वळला.

पेन कागदावर चाललं.

खुशबू आईच्या तोंडाकडे बघत होती. मग तिनं पदर ओढला.

"माय, रुक्माबाई कोन होय?"

शामकला लिहिणाऱ्या हाताकडेच पाहत राहिली.

"गावातली एक बाई होय. शाळेत भात शिजवते."