त्रेपन्नावी बाई

पोरीला वळण म्हणून नाही. लिंबायत वस्तीतल्या बावन्न बायकांना स्टुलावर बसवलं, नाव-गाव-वय विचारलं, आणि घरातली सख्खी आजी तेवढी दिसली नाही. चंपाबाईंनी ही तक्रार सकाळपासून तीन वेळा केली होती. दोनदा भिंतीला, एकदा मांजरीला.

खरी आग खालच्या मजल्यावरच्या कलाबाईने लावली होती. तिचा नंबर सतरावा. जिन्यात उभी राहून तो ती लग्नपत्रिकेसारखा मिरवत होती. "तुमच्या जागृतीनं माझे कान तपासले, ताई. कॉलेजचा प्रोजेक्ट आहे म्हणे. तुमचं तर पहिल्याच दिवशी झालं असंल?"

"झालं," म्हणून चंपाबाई वर आल्या. नातीपायी खोटं बोलावं लागलं, याचा राग जास्त होता.

जागृती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. कापड विणायच्या लूमच्या कारखान्यांत काम केलेल्या बायकांना किती ऐकू येतं, हा तिचा विषय. आणि चंपाबाईंनी उधन्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं सुताच्या बॉबिन भरल्या होत्या. चारी बाजूंनी लूम खडखडायचे. तिथं ओरडून उपयोग नसायचा, म्हणून बायका एकमेकींच्या ओठांकडे बघून बोलायच्या. चंपाबाई तर तीन लूम पलीकडच्या मुकादमाची शिवी त्याच्या ओठांवरून उचलायच्या आणि तशीच त्याला परत पाठवायच्या. अशी बाई सोडून कॉलेज तपासत कुणाला होतं?

तसंही या घरात त्यांना आता विचारत होतं कोण? मुलगा प्रमोद कामावरून आला की पाठीमागून सरळ न्हाणीत शिरायचा. एक शब्द नाही. सून नीलम दिवसभर ओट्याकडे तोंड करून भांड्यांशी संसार करायची. चहा आणून पुढ्यात ठेवायची, पण घेता का म्हणून विचारणं नाही. चंपाबाईंचे मालक होते तोवर समोर बसून बोलायचे. ते गेले आणि घर मुकं झालं. मागच्या महिन्यात दोनदा त्या मुद्दाम जेवायला उठल्या नाहीत. कुणी हाक मारतं का, बघू. कुणी मारली नाही. शेवटी नीलमने ताटच आणून दिलं, तेही न बोलता.

रविवारी दुपारी जागृती फॉर्म जुळवत बसली होती. चंपाबाई तिच्यासमोर बसकण मारून बसल्या.

"त्रेपन्नावा काढ."

"आजी, घरातल्यांचं घ्यायचं नसतं. आमच्या शिकवणाऱ्या बेननी सांगितलंय."

"तुझ्या बेनला सांग, ही घरातली नाही. भाडेकरू आहे. काढ."

जागृतीने आईकडे बघितलं. दारात कोथिंबीर निवडत बसलेल्या नीलमने मान खाली घातली. फॉर्म निघाला. नाव झालं, वय झालं, कारखान्याची वर्षं झाली.

"ऐकायला काही त्रास?"

"मले? तुमच्या पोटातलं बी ऐकू येतं मले."

"घरात तुमच्याशी कोण कोण बोलतं?"

'तुमच्याशी' ऐकून चंपाबाईंना बरं वाटलं. चौकशी झाली तर अशी व्हावी.

"कोणी नाही. लिही. मोठ्या अक्षरात लिही."

जागृतीचं पेन थांबलं. मग तिने लिहिलं.

आता तपासणी. स्टूल भिंतीकडे तोंड करून ठेवलं. जागृती पाठीमागे उभी राहून रोजच्या बोलण्यातली पाच वाक्यं बोलणार, आजीने ती जशीच्या तशी म्हणायची.

"कलीनं किती म्हटली?"

"दोन."

"मी पाची म्हणीन," म्हणून चंपाबाई भिंतीकडे वळून ताठ बसल्या.

भिंत बघितली. भिंतीवरचा ओलीचा डाग बघितला. वाट बघितली. पोरगी सुरूच करेना. हीही गेली की काय मागच्या मागे, सगळ्यांसारखी? त्यांनी मान वर केली. खिळ्याला प्रमोदचा दाढीचा आरसा लटकत होता. जागृतीच्या तो ध्यानातच आला नव्हता.

आरशात जागृतीचे ओठ हलत होते. 'आजी, जेवायला चल.' थांबले. पुन्हा हलले. 'आजी, जेवायला चल.' तिसऱ्या वेळी तिने नाक ओढलं आणि कागदावर एक फुली मारली.

चंपाबाईंना हसू आलं. मुकादमाला पुरून उरलेली बाई ती. उरलेली चार वाक्यं या आरशात बघून घडाघडा म्हणता आली असती. कलाबाईला जिन्यात गाठता आलं असतं. त्यांनी तोंड उघडलं.

तेवढ्यात आरशाच्या कोपऱ्यात नीलम उठताना दिसली. कोथिंबीर झटकत, सहज मान वर करून ती म्हणाली, 'आत्याबाई, चहा ठेवू का?' आणि उत्तराची वाट न बघता आत जाऊन तिने पातेलं चढवलं. जसं रोज चढवायची.

मग दार ढकलून प्रमोद आला. हातात भाजीची पिशवी. चप्पल काढता काढता आईच्या पाठीकडे बघून त्याचे ओठ हलले. 'आई, आलो गं.' आणि तो सरळ न्हाणीत शिरला.

चंपाबाईंनी उघडलेलं तोंड मिटलं. आरशात जागृती अजून बोलत होती. त्यांनी आरशावरून नजर काढली, भिंतीवरच्या डागावर ठेवली, आणि उरलेली वाक्यं संपेपर्यंत तिथंच ठेवली.

मग त्या स्टुलावरच वळल्या. जागृतीने कागद घाईने छातीशी धरला.

"झाकतेस काय? मार पाची फुल्या," चंपाबाई म्हणाल्या. "आणि ते वरचं 'कोणी नाही' खोड. तिथं लिही, सगळे बोलतात. ही बाईच जबाब देत नाही."