प्रेस्टिजचं वाक्य

"प्रेस्टिज," अनंतमामा म्हणाले. "अर्थ सांग आणि वाक्यात वापर."

पाटावर बसलेल्या पद्मजानं मान वर केली. मुलुंडच्या चाळीतली एकच खोली, आणि शेजारच्या सुगंधाबाईंकडून मागून आणलेल्या दोन खुर्च्या. एकीवर मामा, दुसरीवर त्यांचा भाचा नंदकिशोर, म्हणजे लग्नाचा मुलगा. मामा फोर्टातल्या कचेरीत हेडक्लार्क. 'प्रेस्टिज' हा शब्द त्यांच्या तोंडात सुपारीसारखा घोळत असे. भाच्याला मॅट्रिक बायको हवी, हा प्रेस्टिजचा प्रश्न. चहा कपबशीतून हवा, तोही प्रेस्टिजचाच.

दाराशी पद्मजाचे वडील, दत्ताराम, हात जोडून उभे होते. कापडगिरणीत साच्यापुढे जन्मभर उभं राहून त्यांनी लेकीला मॅट्रिक केलं होतं. त्यात गुडघे पार कामातून गेले. पण पाहुण्यांसमोर मुलीच्या बापानं बसायचं नसतं, अशी रीत. आधी दोन स्थळं येऊन गेली, तेव्हाही ते असेच उभे होते. दोन्ही मंडळी 'कळवतो' म्हणाली, आणि गेली ती गेलीच. हे तरी जमू दे, म्हणून ते सकाळपासून देवाला विनवत होते.

"प्रतिष्ठा," पद्मजा म्हणाली. "मान."

"छान. आता वाक्य."

तिनं दाराकडे पाहिलं. बाबांचा एक पाय थरथरत होता. तिला भरून आलं आणि संतापही आला. ती पाटावरून उठली.

"बाबा, आधी तुम्ही बसा. मग वाक्य."

दत्तारामांचा चेहरा पडला. हेही स्थळ हातचं गेलं!

"अगो, मुलीचा बाप कधी बसतो काय?" मामा कडाडले. "आमच्या प्रेस्टिजचं काय?"

नंदकिशोर उठला. दत्तारामांना हाताला धरून त्यानं आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः दाराशी जाऊन उभा राहिला.

"झालं की वाक्य, मामा," तो म्हणाला. मग पद्मजाकडे वळला. "मला पसंत आहे. तुमचं काय ते सांगा."

मामा घाम पुसू लागले. खुर्चीच्या कडेला अवघडून टेकलेले दत्ताराम लेकीला डोळ्यांनी खुणावत होते, हो म्हण गं, हो म्हण.

पद्मजानं पोह्यांची पहिली बशी बाबांच्या हातात दिली.

"कळवते," ती म्हणाली.