पुढचा ब्रेक

वडिलांची जुनी सायकल ढकलत प्राची भुसावळला अतिकचाचांच्या दुकानात आली. जुन्या पद्धतीचे, तारेऐवजी दांडीने ओढले जाणारे ब्रेक. मागचा शाबूत होता, पुढच्याची दांडीच नव्हती.

“पुढची दांडी बसवून द्या, चाचा. आमच्या आबांना तेवढंही जमलं नाही. एका ब्रेकवर दीपनगरला ड्युटीला जायचे. मी चार वर्षांची होते, उतारावर सायकल थांबलीच नाही, तिथंच गेले ते. आई मरेपर्यंत म्हणायची, असा आळशी माणूस पाहिला नाही.”

चाचांनी चष्मा वर केला. “संघपालची पोर ना तू?”

“हो.”

ते आत गेले आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेली एक दांडी घेऊन आले.

“आळशी म्हणू नको त्याला, बेटा. त्याच्या सांगण्यावरून मीच काढली ही. तू पुढं नळीवरच्या छोट्या सीटवर बसायचीस आणि हँडलखाली हीच धरायचीस. ब्रेक दाबला की ही वर सरकते. एकदा तुझं बोट चेमटलं, तर तो रडकुंडीला आला. म्हणाला, पोरगी मागं कॅरिअरवर बसण्याएवढी झाली की लावू परत.”

प्राचीने दांडी हातात घेतली. “आईला... आईला हे माहीत नव्हतं?”

“माहीत नव्हतं कसं? तुला कडेवर घेऊन इथंच तर उभी होती.”

आणि चाचांनी जीभ चावली. संघपालच्या मयतीच्या दिवशी प्राचीच्या आईने, द्रौपदाबाईंनी, हात जोडून त्यांना एवढंच सांगितलं होतं, पोरीला हे कधी कळू देऊ नका.