डाव्या खांद्यामागची खुर्ची

मुलीने वहीच्या कागदावर तीन शस्त्रक्रियांचे तीन रकाने आखले होते आणि घड्याळजींनी पहिल्या रकान्यावर सरळ फुली मारली होती. डॉक्टर नेमकी तीच शस्त्रक्रिया करा म्हणत होते.

डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मानेतली शीर दोन जागी दबली होती. पहिल्या प्रकारात पुढून जाऊन झिजलेल्या चकत्या काढायच्या आणि मणके एकमेकांना सांधून टाकायचे. खात्रीचा उपाय, फक्त मान पूर्वीसारखी वळणार नाही. दुसऱ्यात कृत्रिम चकती बसवतात. मान वळते, पण घड्याळजींचे सांधे त्यासाठी फारच झिजले होते. तिसऱ्यात मागून हाड थोडं कोरून शिरेला वाट करून देतात. त्यातही मान वळते, पण यांची शीर पुढच्या बाजूने दबलेली, आणि तिथवर मागून हात पोचत नाही.

"मग दुसरं करा," घड्याळजी म्हणाले.

"ते तुम्हाला चालणार नाही, हेच तर आत्ता सांगितलं."

"मग तिसरं."

मुलीने कपाळाला हात लावला. घड्याळजी काही अडाणी नव्हते. चार महिन्यांपासून उजवा अंगठा आणि शेजारचं बोट बधिर झालं होतं. तिळाएवढा स्क्रू चिमट्यातून निसटायचा आणि मग सगळं घर गुडघ्यांवर बसून तो शोधायचं. आणखी उशीर केला तर बोटं कायमची कामातून जातील, हेही तीनदा सांगून झालं होतं. तरी या माणसाने नन्नाचा पाढा लावला होता.

"बाबा, दिवसभर तर तुम्ही खाली मान घालून बसता," मुलगी म्हणाली. "वळवायची हवीय कशाला?"

घड्याळजींनी मागे पाहिलं. बायको त्यांच्या डाव्या खांद्यामागे बसली होती, दुकानात बसायची तशीच. तिचे दोन्ही कान तापात गेले त्याला तीस वर्षं झाली. तेव्हापासून ती ओठांवरून बोलणं ओळखायची. दुकानात ती घड्याळांचे चामडी पट्टे शिवायची आणि घड्याळजी दर पाच मिनिटांनी मान वळवून तिला काहीतरी सांगायचे. कोणी घड्याळासकट आंघोळ केली आणि वर आपोआप बंद पडलं म्हणाला, कोणाची मिशी आज एका बाजूने जास्त कातरली गेलीय. ती खुदकन हसायची. मग ते पुन्हा भिंग डोळ्याला लावायचे. हे इतकं रोजचं होतं, की मुलीच्याही ध्यानात आलं नाही.

बायकोला ओठ दिसू नयेत म्हणून घड्याळजी डॉक्टरांकडे वाकले.

"कामाला नाही लागत हो. हिच्याशी बोलायला लागते."

"बायकोशी बोलायला?" डॉक्टरांनी चकित होऊन विचारलं.

घड्याळजींचे ओठ तिला दिसले नव्हते. डॉक्टरांचे मात्र स्वच्छ दिसले.

दवाखान्यातून ते थेट दुकानात आले. दुकान उघडल्या उघडल्या बायकोने काचेचं कपाट भिंतीकडे सरकवलं, आपली खुर्ची उचलली आणि त्यांच्या टेबलासमोर आणून ठेवली. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. मग ती बसली आणि तिने पट्टा शिवायला घेतला.

"आता करून घ्या ते पहिलं," ती म्हणाली. "मला बोटं धड हवीत तुमची."

घड्याळजी बघतच राहिले. तीस वर्षं, आणि काम दोन मिनिटांचं! आधी त्यांना हसू आलं, मग डोळे भरले, आणि ते लपवायला त्यांनी लटका राग आणला.

"अगं, एवढं सोपं होतं, तर इतकी वर्षं मागे का बसलीस?"

तिने दोऱ्याला गाठ मारली, दोरा दातांनी तोडला.

"समोर बसले असते, तर तुम्ही असं वळून वळून कशाला पाहिलं असतंत?"