आमच्या लोखंडावरचा ठसा

माझी लेक दीपाली पुण्यात चिनी भाषा शिकते, हे ज्याला ठाऊक नाही असा एक माणूस भूमच्या बाजारात दाखवा. आम्ही लोहार. पणजोबांपासून आमच्या प्रत्येक अवजारावर एक ठसा असतो. आम्ही त्याला नुसती नक्षी समजत होतो.

दसऱ्याला अवजारं धुऊन, हळदकुंकू वाहून, टोकं भिंतीकडं करून मांडली. त्या दिवशी त्यांना कुणी हात लावत नाही. यंदा दीपाली ठसा बघून थबकली.

"आबा, हे लई जुनं चिनी अक्षर हाय. उच्चार तीन. याओ म्हटलं की कुदळ, त्याओ म्हटलं की भांडं."

माझी छाती फुगली. सगळी आळी गोळा केली. "सांग पोरी समद्यांना. अन् तिसरा?"

अवजारांकडं पाठ करून ती लोकांना म्हणाली, "थ्याओ. म्हंजी भाला."

तिच्यामागं लोखंड किणकिणलं. बघतो तर हळदकुंकू तसंच होतं, पण सगळी टोकं आमच्याकडं वळली होती. मी हातानंच तिला थांब म्हणून खुणावलं.

दारातून शेजारचे बलभीमतात्या म्हणाले, "ऐकू आलं न्हाय, बाई. परत म्हण."

दीपाली माझ्याकडं बघून अभिमानानं हसली आणि तिनं दमदार श्वास घेतला.