रविवारचं टेबल

या, असे जवळ सरकून बसा. एका माउलीची गोष्ट सांगते.

आमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात रविवारच्या न्याहारीला तास-दीड तास ताटकळावं लागतं. मालक मात्र भला माणूस. सोबत म्हातारं माणूस दिसलं की त्या कुटुंबाला रांगेतून काढून थेट टेबलावर बसवतो. हे कळल्यापासून एक लेक दर रविवारी वृद्धाश्रमातून आईला घेऊन यायला लागला.

"आई, मालक बघतोय, जरा वाकून चाल."

"चालते रे राजा. पण गुडघा आज बरा आहे बघ."

खाणं आटोपलं की सूनबाई म्हणायची, "आईंना सोडून या आधी, दमल्यात त्या." आश्रमात परतल्यावर माउली सगळ्यांना सांगायची, "लेक माझा एक रविवार चुकवत नाही हो."

दोन महिन्यांपूर्वी हॉटेलवाल्याने फोनवरून टेबल राखून ठेवायची सोय केली.


ती अजूनही रविवारी आठलाच केस विंचरून फाटकाशी बसते आणि म्हणते, "हॉटेलात गर्दी झाली नसेल अजून, झाली की येईलच तो." पोटभर खाऊन देवाला हात जोडाल, तेव्हा तिला तेवढं आठवा.