अंथरलेलं पोतं

कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या ढिगाला राजानंदानं तिसऱ्यांदा आग लावली, तेव्हा अख्खी गल्ली घागरी घेऊन धावली. “ह्याला आता साखळीनंच बांधतो,” सत्यशीलाचा नवरा धाकट्या भावावर ओरडला. चाळिशी उलटलेला, लेकराच्या समजेचा राजानंद अवघडून उभा होता. सगळे जाळाकडं पाहत होते, सत्यशीला जमिनीकडं. जाळासमोर पोतं अंथरलेलं होतं, सुरकुत्याही हातानं सारख्या केलेल्या. मागच्या दोन्ही वेळी तिनंच ते झटकून घरात नेलं होतं. सासू होती तोवर थंडीत तिच्या शेकोटीभोवती गल्ली जमायची आणि पोतं अंथरायचा मान राजानंदाचा. सासू गेली, त्याच्याशी बोलायलाही कुणी थांबेना. “भावजी, बसू का?” म्हणत सत्यशीला पोत्यावर बसली. “तू बी येडी झाली का?” नवरा कडाडला. “पाव्हणी आलीय मी,” ती म्हणाली. राजानंदानं खिशातली काडेपेटी तिच्या हाती दिली. “वयनी आली. विझवा आता.”